वाक्य कुणाच्या तोंडचं?

विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करणाऱ्या माणसाला नाटक दिसत नाही, ऐकू येतं. नटांच्या पाठी दिसतात, हातातल्या संहितेवर छोट्या टॉर्चचा उजेड असतो आणि सगळं लक्ष पुढच्या वाक्याच्या पहिल्या शब्दावर. बँकेतली नोकरी सांभाळून सोलापूरच्या हौशी नाट्यसंस्थांसाठी मी बरीच वर्षं हे काम केलं. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हुतात्मा स्मृती मंदिराची डावी विंग ही माझी ठरलेली जागा.

नट काही वाक्यं पुन्हा पुन्हा विसरतो. लांबलचक स्वगत बिनचूक म्हणतो, पण मधलंच एखादं चार-सहा शब्दांचं वाक्य दर तालमीला निसटतं. अशा वाक्यांवर मी पेन्सिलीनं खूण करून ठेवायचे. नाटक संपल्यावर संहिता निवांत वाचली की दिसायचं, बहुतेक खुणा एकाच जातीच्या वाक्यांवर आहेत. ती वाक्यं त्या पात्राची नसायचीच. लेखकाला प्रेक्षकांना काहीतरी सांगायचं असायचं आणि ते त्यानं हाताशी असलेल्या पात्राच्या तोंडात घातलेलं असायचं. नटाला ते परकं वाटायचं म्हणून त्याची जीभ ते वाक्य धरून ठेवत नसे.

सिनेमाच्या प्रेक्षकाजवळ संहिता नसते, पेन्सिलही नसते. पण त्याचा कान नेमक्या याच खुणा करत असतो, असं माझं ठाम मत आहे. थिएटरातून बाहेर पडणारी माणसं ‘संवाद कमी पडले’ असं सहसा म्हणत नाहीत. ती म्हणतात, ‘काही पटलं नाही बुवा’, किंवा ‘हिरो कृत्रिम वाटला’. खापर कथेवर नाहीतर नटावर फुटतं. खोदून विचारलं, कुठं पटलं नाही, तर बहुतेक वेळा बोट एखाद्या वाक्यापाशी जाऊन थांबतं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘सामना’. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट, पटकथा-संवाद विजय तेंडुलकरांचे, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी त्या गावात येऊन पडलेला, दारूत बुडालेला मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मास्तरला एक नाव कळतं आणि तो विचारत सुटतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’

हा प्रश्न कागदावर लिहून पाहा. त्यात अलंकार नाही, उपमा नाही, धमकी नाही. चौकीवर किंवा पंचायतीत कुणीही विचारावा असा प्रश्न. तेंडुलकरांनी केलं एवढंच, की तो पुन्हा पुन्हा विचारायला लावला आणि उत्तर लांबवत नेलं. पहिल्यांदा आपल्याला तो दारुड्याचा चाळा वाटतो. पुढं त्रास व्हायला लागतो, हा माणूस गप्प का बसत नाही असं वाटतं. आणि मग कधीतरी, आपल्या नकळत, आपणच तो प्रश्न मनात विचारायला लागतो. हिंदुरावांबद्दलचं आपलं मत तिथं बदलतं. तोवर हिंदुराव आपल्याला आवडत असतात, हे कबूल करायला हवं. ते पाहुणचार करतात, मास्तरला वाड्यावर ठेवून घेतात, गावासाठी काय काय केलं ते सांगतात, आणि निळू फुल्यांच्या त्या संथ, गुळगुळीत बोलण्यात एक आपलेपणा असतो. हा माणूस खुनशी आहे असं एकाही पात्रानं भाषण ठोकून आपल्याला सांगितलं असतं, तर आपण मान डोलावली असती आणि विसरून गेलो असतो. इथं कुणी सांगत नाही. एक साधा प्रश्न आणि त्याभोवतीची टाळाटाळ, एवढ्यावर न्याय करायचं काम आपल्यावर येतं. स्वतः केलेला न्याय माणूस विसरत नाही. आजही महाराष्ट्रात एखादं प्रकरण दाबलं गेलं की कुठल्या तरी अग्रलेखात, सभेत किंवा भिंतीवर मारुती कांबळे हजर होतो. चित्रपट न पाहिलेल्यांनाही त्याचं नाव ठाऊक असतं.

सामान्यतः लक्षात राहणारा संवाद म्हणजे टाळीचा संवाद, असं आपण धरून चालतो. टाळीच्या वाक्याची ताकद मी नाकारत नाही. ‘शोले’ १९७५चाच. पॉलिडोर कंपनीनं त्याच्या संवादांची रेकॉर्ड काढली आणि ती घराघरांत, गणपतीच्या मांडवांत वाजली. आमच्या गल्लीत मांडवाच्या कर्ण्यावर गब्बर बोलायचा. थिएटरात जायच्या आधीच मला तो माणूस आवाजानं पाठ होता. म्हणजे माझं मत पडद्यासमोर बसण्याआधीच तयार होतं. मी ‘शोले’ बघायला गेले ते पाठ असलेलं वाक्य नेमकं कुठं येतंय हे पाहायला, आणि माझ्या आसपासचे लोकही त्यासाठीच आले होते, कारण अमजद खान बोलायच्या आधी सगळं थिएटर बोलत होतं. सलीम-जावेद यांनी ती वाक्यं गब्बरच्याच जिभेनं लिहिली होती म्हणून ते टिकलं. थट्टा करता करता माणूस मारणारा दरोडेखोर कसा बोलेल, याचं त्यांचं गणित अचूक होतं. त्यांची नक्कल करणाऱ्यांनी मात्र फक्त वाक्याची उंची घेतली, माणूस घेतला नाही.

आज हेच काम ट्रेलर करतो. दोन-अडीच मिनिटांत चार दणदणीत वाक्यं, प्रत्येकामागे ढोल. माझा भाचा अलीकडे एक ऐतिहासिक चित्रपट बघून आला. नाव मुद्दाम घेत नाही. ‘आत्या, काय डायलॉग आहेत!’ म्हणाला आणि त्यानं तीन वाक्यं जोशात म्हणून दाखवली. मी विचारलं, ही वाक्यं कोण कोण म्हणतं? त्याला एक सांगता आलं, उरलेल्या दोघांबद्दल तो अडखळला. पुढच्या रविवारी मीही तो पाहिला. तो का अडखळला ते मला कळलं. राजा, सरदार, हेर, आई, शत्रू, सगळे एकाच घडणीची वाक्यं बोलत होते. प्रत्येकाचं वाक्य घोषणेसारखं संपायचं आणि पुढच्याला टाळीची वाट बघत थांबावं लागायचं. असं बोलणं ऐकताना प्रेक्षकाला स्फुरण चढतं, पण त्या माणसांशी ओळख होत नाही. आपल्या थोर पुरुषांना पडद्यावर हाडामांसाचं बघायची मला आस आहे, म्हणून हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं. भूक लागल्यावर, थकल्यावर, लेकराशी बोलताना ते कसे बोलत असतील, याचा विचार लिहिणाऱ्यानं करायलाच हवा.

आणि हे मराठी सिनेमानं फार पूर्वी करून दाखवलेलं आहे. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांचा, लेखन शिवराम वाशीकरांचं. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाला सगळे हात जोडतात, ते योग्यच आहे. पण हा चित्रपट आजही जिवंत वाटतो तो जिजाईमुळे. ती भूमिका करणाऱ्या गौरी मोठ्या नट्या म्हणून तोवर कुणाला ठाऊक नव्हत्या. संतपटातली बायको म्हटलं की दोनच शक्यता डोळ्यांसमोर येतात, पायाशी बसलेली साध्वी नाहीतर कजाग बाई. वाशीकरांनी तिला तिसरीच भाषा दिली. पोरांच्या पोटात काय घालायचं, हा तिचा प्रश्न. विठ्ठलाशी ती भांडते, पोर आजारी पडल्यावर वहाण हातात घेऊन देवळात त्याला जाब विचारायला जाते. तिचं बोलणं तोडून टाकणारं आहे, खणखणीत आहे, आणि त्यात नवऱ्याबद्दलची माया कुठंही लपत नाही.

आता प्रेक्षकाचं काय होतं पाहा. जिजाई बोलत असताना आपण तिच्या बाजूनं असतो. तुकोबा बोलायला लागले की आपण त्यांच्या बाजूनं जातो. भक्ती मोठी की संसार, याचा निकाल चित्रपट देत नाही, कारण दोघांनाही तोलाचं बोलणं मिळालं आहे. तुकोबांना सुंदर वाक्यं आणि जिजाईला नुसती वटवट अशी वाटणी झाली असती, तर आपण एका वेंधळ्या बाईची गंमत बघून घरी आलो असतो. पात्राबद्दल प्रेक्षकाला किती आदर वाटावा, हे लेखक त्या पात्राला कुठली भाषा देतो त्यावर ठरतं, आणि हा फार मोठा अधिकार आहे.

मराठी सिनेमानं तो पुढं बराच काळ वाईट वापरला, असं मला वाटतं. नायक-नायिका पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातलं मराठी बोलणार, आणि सोलापूर, बीड, मालवण, नागपूरकडचं बोलणं घरगड्याच्या, हवालदाराच्या नाहीतर विनोदी मामाच्या वाट्याला जाणार. तमाशापटांची गोष्ट वेगळी. व्यंकटेश माडगूळकरांसारखा ज्याच्या कानात गाव होतं असा लेखक ‘सांगत्ये ऐका’ला लाभला, तेव्हा गाव गावासारखं बोललं. पण शहरी कथांमध्ये गावाकडचा माणूस तोंड उघडायचा तो हसं व्हायलाच. आम्ही भागवत टॉकीजमध्ये बसून आमच्याच बोलीवर हसत होतो. वर्षानुवर्षं असं ऐकलं की माणसाला आपल्या बोलीत प्रेम करता येतं, शोक करता येतो, एखादा गंभीर विचार मांडता येतो, यावरचा विश्वासच डळमळतो.

म्हणून ‘सैराट’. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ला आला, संवाद भारत मंजुळे यांचे, परिसर करमाळ्याचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पण तिचा रुबाब मला जाणवला तो तिच्या बोलण्यात. मराठीत सांगितलेलं समजत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असं ती दरडावून विचारते तेव्हा आमच्या थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला, आणि त्या हसण्यात पहिल्यांदाच बोलीची चेष्टा नव्हती. पाटलाच्या पोरीची मिजास, वय वर्षं सतरा-अठराचा बिनधास्तपणा आणि घरात कुणी ‘नाही’ म्हटल्याची सवय नसणं, हे सगळं तिच्या हेलात होतं. तिच्या जातीची, सत्तेची माहिती देणारं भाषण कुणालाच करावं लागलं नाही.

पण ‘सैराट’च्या संवादांचं खरं कसब उत्तरार्धात आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं गेलं. आर्ची आणि तिचा प्रियकर परश्या हैदराबादला पळून जातात. भोवती तेलुगू. आमच्या सोलापुरात पूर्व भागात पद्मशाली विणकरांची वस्ती मोठी, माझ्या शेजारी दोन्ही बाजूंना तेलुगू घरं, त्यामुळे ती भाषा माझ्या कानावरून रोज जाते. सिनेमातलं बरंचसं तेलुगू मला समजत होतं. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना समजत नव्हतं, आणि त्या अस्वस्थ होऊन मला विचारत होत्या, ‘काय म्हणतोय तो?’ त्यांची ती अस्वस्थता म्हणजे आर्चीची अस्वस्थता होती, आणि तो अनुभव माझ्यापेक्षा त्यांना पुरता मिळाला. जी पोरगी गावात कुणालाही एका वाक्यात गप्प करायची, तिला इथं वाक्यच उरलेलं नाही. तिचं बोलणं आखडत जातं, हळू होतं, मग काम करता करता ती नवी भाषा शिकते आणि पुन्हा थोडी मोकळी होते. आर्चीची श्रीमंती सुटली, घर सुटलं, हे आपण डोळ्यांनी बघतो. तिची सत्ता कुठं होती हे मात्र तिचं बोलणं बंद झाल्यावर कळतं. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतला आहे. तिथं पार्श्वसंगीत असतं किंवा कुणी एक जरी वाक्य बोललं असतं, तर प्रेक्षकाला रडायला जागा मिळाली असती. ती मिळत नाही, आणि लोक घरी जाऊन दिवसचे दिवस त्या चित्रपटाशी मनात भांडत राहतात.

दोन वर्षांनी ‘धडक’ आला. कथा तीच, गाव उदयपूर, पळून जायचं ते कोलकात्याला. नटांनी मेहनत घेतली आहे, छायाचित्रण देखणं आहे. तरी ‘सैराट’ पाहिलेल्या माणसांचं मन त्यावर बसलं नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. तिथल्या हिंदीला राजस्थानी हेल वरून लावला होता, मुळातून आलेला नव्हता. एकदा कानाला शंका आली की डोळ्यांसमोरचं सगळंच नटूनथटून आल्यासारखं दिसायला लागतं.

कानाची ही शंका कधी कधी तांत्रिकही असते, आणि प्रेक्षकाला ते कळत नाही. आपल्याकडं कित्येक दशकं संवाद चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम नोंदले जायचे. कॅमेऱ्याची घरघर, बघ्यांची गर्दी, रस्त्यावरचे हॉर्न. नंतर स्टुडिओत नट पडद्यावर स्वतःचे ओठ बघत तीच वाक्यं पुन्हा म्हणायचा. याला डबिंग म्हणतात. त्यात शब्द स्वच्छ येतात, पण चढण चढून आल्यावरची धाप, घास तोंडात असतानाचं बोलणं, रडं आवरताना चिरकलेला आवाज, हे सगळं बंद खोलीत उभं राहून पुन्हा आणावं लागतं. मोठे नट आणतात, बाकीच्यांचं पोकळ वाटतं. आपण म्हणतो, ‘अभिनय जमला नाही.’ जागेवरच आवाज नोंदवायची पद्धत, म्हणजे सिंक साउंड, ‘लगान’नंतर हिंदीत जोर धरू लागली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये या जागेवरच्या आवाजाचा उपयोग काय होतो ते ऐकावं. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला हा चित्रपट २०१५ साली थिएटरात आला. लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली, सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी. आपल्या मनात न्यायालय म्हणजे ‘दामिनी’. १९९३चा तो सनी देओल, तारखांवरून न्यायाधीशांसमोर गरजणारा. त्या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ‘कोर्ट’मध्ये कुणी गरजत नाही. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं एका सुरात, विरामही न घेता वाचत सुटतात. पंखे फिरतात, कागद सरकतात, पुढची तारीख पडते. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा भाषा मिसळतात आणि आरोपीला त्यातलं किती पोचतं कोण जाणे. माझ्याबरोबर आलेली बँकेतली मैत्रीण मध्यंतरात म्हणाली, ‘अगं, हे तर अगदी कंटाळवाणं आहे.’ मी तिला म्हटलं, थांब. शेवटी ती रागानं लाल झाली होती, आणि तो राग चित्रपटावर नव्हता. त्या सपाट आवाजात एका माणसाचं आयुष्य कसं फायलीत जातं हे तिला दिसलं होतं. त्या जागी एखादं जळजळीत भाषण असतं तर तिनं टाळी वाजवली असती आणि राग तिथंच निवला असता.

विनोदाचंही तसंच. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा, संवाद वसंत सबनीसांचे. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य महाराष्ट्रात आज कुणीही कुणाच्याही दारात म्हणतं आणि समोरचा हसतो. पत्ता विचारणारं साधं वाक्य. पण ते कुणाच्या दारात, कुठल्या क्षणी आणि कुणाच्या आवाजात येतं, याचा पाया सबनीसांनी आधी घालून ठेवला होता. कोट्या करून हसवणारे चित्रपट दुसऱ्यांदा बघवत नाहीत. हा लोक तोंडपाठ असूनही बघतात.

आमच्याकडं एकांकिका घेऊन येणाऱ्या मुलांना मी एक गोष्ट करायला लावते. संहितेतली पात्रांची नावं पट्टीनं झाकायची आणि नुसती वाक्यं मोठ्यानं वाचायची. कोण बोलतंय ते ओळखू आलं नाही, तर ते पान परत लिहायचं. गेल्या हिवाळ्यात एका मुलीनं पान परत आणलं. आजीचं पात्र होतं. आधीच्या खर्ड्यात आजी स्त्रीशिक्षणावर अर्धं पान बोलत होती. नव्या पानावर नातीची परीक्षा असते आणि आजी तिला नुसतं विचारते, आज पेपर कशाचा, किती वाजता सुटणार, आणि मग म्हणते, मी फाटकापाशी येऊन थांबते. मी पेन्सिल खाली ठेवली आणि तिला म्हटलं, हे पाठ करायला कुणाला त्रास होणार नाही.